शेंडगावला जायचंय. वडिलांच्या वर्षश्राद्धाचं अन्नदान नेमकं कुठं करावं?

मीनल_कळवा

नमस्कार मंडळी. बाबा मागच्या पौषात गेले, आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. दादाचं म्हणणं नाशिकला जाऊन रीतसर विधी करू आणि मोकळे होऊ. आईला ते पटतही नाही आणि ती नाही म्हणतही नाही.

बाबा मूळचे अकोला जिल्ह्यातले. तरुणपणी मुंबईला कारखान्यात लागले ते इकडचेच झाले. देव्हारा आईचा, त्यात बाबांनी कधी ढवळाढवळ केली नाही. त्यांचा स्वतःचा एकच फोटो होता, तोही देव्हाऱ्याबाहेर, स्वयंपाकघराच्या दारावर लावलेला. गाडगेबाबा, हातात खराटा. सकाळी डबा उचलताना त्याच्याकडे एकदा बघायचे आणि निघायचे. नमस्कार नाही, उदबत्ती नाही. शेंडगाव म्हणजे गाडगेबाबांचं जन्मगाव. "शेंडगावला एकदा जाऊन यायचं" असं दर दिवाळीला म्हणायचे. निवृत्त झाल्यावरही जाणं झालं नाही.

तर माझ्या मनात आहे की त्यांच्या नावानं तिकडंच अन्नदान करावं. पण शेंडगावला काय आहे, तिथं अन्नदान घेणारी संस्था आहे का, कुणाला भेटायचं, आईचे गुडघे दुखतात तर प्रवास झेपेल का, मला काहीच कल्पना नाही. नेटवर शोधलं तर सगळीकडे जन्मतारीख आणि 'स्वच्छतेचे पुजारी', एवढंच. तिकडचं कुणी असेल तर कृपया सांगा. पैसे फार मोठे नाहीत, पण जे आहेत ते कुणाच्या तरी ताटात पडावेत एवढीच इच्छा आहे.

तिरकस

ज्या माणसानं आयुष्यभर 'देव दगडात नाही' म्हणून कीर्तनं केली, त्याच्या जन्मगावी श्राद्धाला जायचं! आता तिथंही मूर्ती, सभामंडप, दानपेटी असणारच. बाबा असते तर खराटा घेऊन पाठीमागे लागले असते.

तरी तुमच्या भावना समजू शकतो. इथंच एखाद्या अनाथाश्रमाला धनादेश द्या आणि गाडीभाड्याचे पैसेही त्यातच घाला.

पूर्णाकाठचा_मास्तर

मीनलताई, मी दर्यापूर-भातकुली भागात जिल्हा परिषदेच्या शाळांवर मास्तरकी केली. आता रिकामाच आहो, म्हणून जरा लांबण लावतो. चालवून घ्या.

आधी शेंडगाव. अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यात, भुलेश्वरी नदीच्या काठी आहे. अंजनगाव म्हणजे पानमळ्यांचा आणि पानपिंपळीचा मुलूख. १८०३ साली दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला तेही हेच सुर्जी-अंजनगाव. नदी म्हणाल तर डोळ्यांपुढे कृष्णा-गोदा आणू नका. आमच्या नद्या पावसाळ्यात घरात शिरतात आणि उन्हाळ्यात शोधाव्या लागतात. २३ फेब्रुवारी १८७६ ला या गावात परटाच्या घरी डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मला. बाप दारूपायी गेला. लहानपणीच आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूरकडं दापुऱ्याला. म्हणजे शेंडगावात बाबा जन्मले, वाढले मात्र मामाच्या गावी. ढोरं राखली, वावरात राबले, सावकारानं मामाची जमीन घशात घातली तीही तिथंच पाहिली. तुमचे वडील अकोला जिल्ह्यातले म्हणता, मूर्तिजापूर त्याच जिल्ह्यात येतं. त्यांना शेंडगावची ओढ होती हे खरं, पण दापुरं त्यांना जास्त ठाऊक असेल असं मला वाटते.

शेंडगावात काय पाहाल? जन्मस्थळ आहे, स्मारक आहे, २३ फेब्रुवारीला जयंतीला माणूस लोटतो. एरवी ते एक साधं वऱ्हाडी गाव आहे. कापूस, तूर, सोयाबीन, बसायला पार, विचारलं तर वाट दाखवायला चार पोरं. जाऊन या, वडिलांचं राहिलेलं जाणं पुरं करा. पण अन्नदानासाठी म्हणाल तर मी तुम्हाला तिथं नाही पाठवणार. ऋणमोचनला पाठवीन.

ऋणमोचन भातकुली तालुक्यात, पूर्णेच्या काठी. पौष महिन्याच्या दर रविवारी तिथं जत्रा भरते. पूर्णेत आंघोळ केली की ऋण फिटतं अशी लोकांची समजूत, म्हणून आमच्या पंचक्रोशीतला सारा गरीब माणूस तिथं येतो. तुमच्या वडिलांची तिथी पौषातली आहे असं तुम्ही लिहिलं म्हणून तर मी एवढं टंकतोय.

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजीनं घर सोडलं. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात काठी आणि मातीचं गाडगं. त्या गाडग्यातच खायचं, तेच डोक्यावर उपडं घालायचं. हा फिरता माणूस ऋणमोचनच्या जत्रेत येऊन करायचा काय? तर काठाची साफसफाई. पूर्णेचा काठ म्हणजे काळी चिकण माती. आंघोळ करून वर चढणारी म्हातारी माणसं, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया सटासट घसरून पडायच्या. याला ते पाहवेना. आधी फावड्यानं माती ओढून वाट केली, पायऱ्या खोदल्या, मग पक्का घाट बांधायचं मनावर घेतलं. १९०८ च्या सुमारास तिथं घाट झाला, लक्ष्मीनारायणाचं देऊळ झालं. पुढं धर्मशाळा आणि सदावर्त आलं. जत्रेत आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना पंगतीत बसवून जेवू घालायची रीत तिथूनच पडली. बाबांच्या साऱ्या कामाचं जोतं हे असं, लोक घसरून पडत होते म्हणून घातलेल्या पायऱ्यांचं.

नंतरच्या धर्मशाळा कुठं कुठं झाल्या ते पाहा म्हणजे तुम्हालाच दिसेल. पंढरपूर चंद्रभागेवर, नाशिक गोदेवर, आळंदी आणि देहू इंद्रायणीवर. जिथं गरीब माणूस देवाच्या नावानं नदीवर येतो आणि रात्री वाळवंटात उघड्यावर निजतो, तिथं याचं बांधकाम. पंढरपुरात १९१७ साली चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. त्या काळी अस्पृश्य वारकऱ्याला गावात कुणी ओसरी देत नव्हतं. विठ्ठलाचं मंदिर त्यांना उघडलं १९४७ मध्ये, तेही साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. म्हणजे देवाच्या आधी तीस वर्षं बाबांनी दार उघडलं. ती धर्मशाळा पुढं १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बांधलेली इमारत अशी हातावेगळी करून मोकळं होणारा बुवा मला तरी दुसरा माहीत नाही. आमच्याकडं तर समाजमंदिराच्या किल्लीवरून दोन पिढ्या बोलत नाहीत.

आता तिरकसभाऊ, तुमच्याकडं वळतो. मूर्तीबद्दल तुम्ही म्हणता ते खोटं नाही. माझं स्मारक, मंदिर काही करू नका हे बाबांचं सांगणं होतं, आणि तरी आज अमरावतीत गाडगेनगरला समाधी आहे, गावोगाव पुतळे आहेत. मलाही पूर्वी याचा राग यायचा. पण ज्या परीट समाजाला, ज्या मजुराला गावच्या देवळात मागं उभं राहावं लागलं, त्याला आपल्यातला एक माणूस चौकात उभा दिसावा असं वाटलं, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पुतळ्याच्या हातात खराटा असतो, तलवार नसते, एवढं तरी पाहा. आणि समाधीवर २० डिसेंबरच्या पुण्यतिथीला गोरगरिबांची पंगत बसते. ती पंगत बाबांना आवडली असती, बाकीची भाषणं नसती आवडली.

श्राद्धाचं म्हणाल, तर बाबा श्राद्धापेक्षा त्यासाठी काढलेल्या कर्जावर तुटून पडत. लग्न असो, तेरवी असो, सावकाराच्या दारात जाऊन गावजेवण घालू नका, एका पंगतीपायी वावर जातं, हे कीर्तनात हजार वेळा सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या लेकीच्या बारशाला भाऊबंदांनी रीतीप्रमाणं दारू-मटणाची वाट पाहिली, तर यांनी गोडाधोडाचं जेवण वाढलं. जेवण घालण्याला त्यांचा कधीच विरोध नव्हता. कुणाला घालता आणि कशाच्या पैशानं घालता, एवढाच सवाल.

ताई, ऋणमोचनला जाणार असाल तर आधी तिथल्या संस्थानाकडं चौकशी करा की पौषातल्या कोणत्या रविवारी पंगत आहे आणि त्यांना काय कमी पडतंय. घरून डबे भरून नेऊ नका. तूरडाळ, तेल, तांदूळ, कधी नुसत्या पत्रावळी, जे ते म्हणतील ते द्या. आणि जमलं तर वाढायला उभ्या राहा.

अंजनगावचा_पोऱ्या

मास्तर म्हणतात ते बरोबर. मी शेंडगावजवळचाच आहो. बाहेरचे लोक येतात, दहा मिनिटं फोटो काढतात, 'एवढंच?' म्हणतात आणि जातात. एवढंच हाय बापा! त्याईच्यापाशी तरी काय होतं?

रस्त्याचं सांगतो. शकुंतला रेल्वेच्या भरवशावर राहू नका, जुन्या लेखात तिचा उल्लेख सापडतो. मूर्तिजापूर ते अचलपूर चालणारी ती लहान गाडी आमच्या अंजनगावावरूनच जायची, पण कईचीच बंद पडली. मुंबईहून अमरावती एक्स्प्रेस रात्रीची आहे, सकाळी अमरावतीत उतरा आणि तिथून गाडी करा. एसटीनं पण येता येते, पण म्हाताऱ्या माणसाले घेऊन दोन-दोन गाड्या बदलणं सांगत नाही.

मीनल_कळवा

मास्तरकाका, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. बाबांच्या आईचं माहेर मूर्तिजापूर तालुक्यातलंच. बाबा आम्हाला लहानपणी पूर्णेची भीती घालायचे, 'तिकडची नदी पाय ओढते' म्हणायचे. मला वाटायचं गोष्टच आहे. तो घसरण्याचा प्रकार वाचला आणि उलगडलं.

एक विचारू? तुमच्या घरी कुणी गाडगेबाबांचं कीर्तन प्रत्यक्ष ऐकलं होतं का?

पूर्णाकाठचा_मास्तर

माझ्या वडिलांनी ऐकलं. ते सांगत ते असं. गावात दिवसभर एक फाटका माणूस रस्ता झाडत होता. गटार काढली, शाळेपुढचा उकिरडा उचलला. कुणीतरी त्याला भाकर दिली तर म्हणे, आधी लाकडं फोडून देतो, मग खातो. संध्याकाळी कीर्तनाला सारा गाव जमला, महाराज कधी येतात म्हणून वेशीकडं डोळे लावून बसला, आणि तोच झाडूवाला मधोमध येऊन उभा राहिला. "गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला." वडील त्या वेळी पोरसवदा होते. सकाळी याच माणसाला आपण खडा मारला होता का, या भीतीनं ते मागच्या मागं घरी पळाले, असं आजी सांगे. वडील मात्र ही गोष्ट तेवढ्यावरच थांबवत.

कीर्तन म्हणजे प्रश्न-उत्तरं. बाबा विचारणार, लोक ओरडून उत्तर देणार. देवाला कपडे कोण नेसवतं? आपण! देवाला निवद कोण दाखवतं? आपण! अन् कुत्रं आलं तर हाकलतं कोण? आपण! अशी फिरकी घेत घेत पोरांना शाळेत घाला, ताट मोडा पण पोराला शिकवा, इथवर आणून सोडत. स्वतःला अक्षरओळख नव्हती. आमच्या वऱ्हाडीतच बोलत, पण पश्चिम महाराष्ट्रात, कोकणातही लोकांना ते कळे. वांद्र्याला १९५६ च्या नोव्हेंबरात पोलिसांपुढं केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे, नेटवर सापडेल. आईला ऐकवा. छापलेल्या कीर्तनात तो माणूस अर्धाच सापडतो, आवाजात दम आहे.

त्यानंतर महिनाभरानं गेले. प्रकृती बिघडली होती, गाडीनं अमरावतीकडं आणत होते. २० डिसेंबर १९५६ ची मध्यरात्र उलटलेली, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर प्राण गेला. पेढीचं पाणी पुढं पूर्णेलाच जाऊन मिळतं. तुम्ही अमरावतीहून निघाल की वलगाव लागेलच, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. तिथं थांबा.

परळच्या_पायरीवर

मी मुंबईत राहतच नाही, पण या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

आईला कॅन्सर निघाला तेव्हा आम्ही सांगलीकडून टाटाला आलो. पहिल्या फेरीत परळला फुटपाथवर झोपलेली माणसं पाहिली. गळ्यात फाईल, उशाला पाण्याची बाटली. आम्हीही एका ओळखीच्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत शिरलो होतो. आईला केमोनंतर उलट्या होत, आणि त्या घरात संडास चाळीच्या टोकाला.

मग दवाखान्यातल्या एका ताईंनी सांगितलं की दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, टाटाचा कागद घेऊन जा. गेलो. जागा मिळायला थांबावं लागलं, गर्दी तुफान असते. पण मिळाली. मी लाखो रुपयांच्या मदतीबद्दल बोलत नाही. आईला स्वतःची खाट, धुतलेली चादर, वेळेवर जेवण आणि शेजारी तिच्यासारखीच डोक्यावर रुमाल बांधलेली एक बिहारची बाई. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दिवसभर गप्पा चालायच्या.

तिथं कुणी आमची जात विचारली नाही, भजनाला बसायची सक्ती केली नाही. एक शिस्त मात्र कडक: स्वच्छता. आपलं ताट, आपली जागा, आपण. माझे वडील आयुष्यात कधी झाडू हातात न घेतलेले, ते तिथं सकाळी खोलीपुढचा पट्टा झाडायला शिकले. आई गेली. वडील अजून झाडतात, गावच्या घरी.

तर मीनलताई, मुंबईत करायचं असेल तर ही जागा डोळ्यांपुढे ठेवा. इथली सगळी माणसं दूरदूरच्या गावांतून आलेली असतात आणि रोज जेवतात. श्राद्धाचा दिवस संपल्यावरही जेवतात.

तिरकस

परळच्या पायरीवर, तुमच्या प्रतिसादानंतर माझा वरचा प्रतिसाद जरा उथळ वाटतो. असो. माझा धनादेशाचा मुद्दा मात्र कायम आहे, फक्त पत्ता तुम्ही दिलात.

आकडेमोड

व्यवहाराचं कुणीतरी बोलायला हवं म्हणून मी.

गाडगेबाबांच्या नावानं असंख्य संस्था आहेत. त्यातली मूळची म्हणजे 'श्री गाडगे महाराज मिशन', बाबांच्या हयातीत ८ फेब्रुवारी १९५२ ला स्थापन झालेली. तिच्या धर्मशाळा, आश्रमशाळा, वसतिगृहं राज्यभर आहेत. काही धर्मशाळांचे न्यास वेगळे आहेत. नावं सारखी असल्यानं पैसे देताना न्यासाचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक पाहून घ्या. सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, क्रमांक विचारण्यात अपमान कसला?

प्राप्तिकरात ८०जीची सवलत हवी असेल तर २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख देऊ नका, सवलत मिळत नाही. धान्य, कपडे अशा वस्तूरूप दानालाही मिळत नाही. पावतीशिवाय संस्थेकडून १०बीई नमुन्यातलं प्रमाणपत्र यावं लागतं. आणि तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर हे सगळं विसरा, तिथं ८०जी नाहीच. मग खुशाल डाळ-तेल द्या.

आणखी एक. 'आजच्या अन्नदानाचे यजमान' असा फलक लावायचं कुणी सुचवलं तर नको म्हणा. तुमच्या वडिलांनी फोटो देव्हाऱ्याबाहेर लावला होता, त्यांना फलक आवडला नसता असा माझा अंदाज.

मीनल_कळवा

सगळ्यांचे आभार. दादाला हा धागा वाचायला दिला. तो म्हणाला, मास्तरांचं पटतं, पण विधी नाही केला तर नातेवाईक मलाच धरतील. आई म्हणाली, तू नाशिकला जा, मी मीनलबरोबर जाते. म्हणजे घर दोन दिशांना. मला ते नको होतं.

पूर्णाकाठचा_मास्तर

ताई, घर दोन दिशांना कशाला? दादांना नाशिकला जाऊ द्या. त्यांनी सकाळी विधी करावा आणि तिथून उठून गोदाकाठच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जावं, लांब नाही. विधीत जो खर्च वाचवता येईल तो तिथं धान्यात द्यावा. भावाला नातेवाइकांपुढं उभं राहायचं असते, त्याची अडचणही समजून घ्या. बाबांनी लोकांना कान धरून सुधारलं असं आपण म्हणतो, पण ते आधी त्यांच्यासोबत पंगतीत बसले, हे विसरतो.

तुम्ही आणि आई इकडं या. आता वेळापत्रक सांगतो, शिक्षकाची खोड. शनिवारी सकाळी अमरावतीत उतरा, आराम करा. संध्याकाळी उन्ह उतरलं की गाडगेनगरला समाधीवर जाऊन या, गर्दी नसते. रविवारी लवकर निघा. वलगावला पेढीचा पूल, मग ऋणमोचन. तिथं दुपारपर्यंत राहा. पौषातला रविवार असल्यानं रस्त्याला बैलगाड्या, ट्रॅक्टर, चालणारी माणसं असतात, गाडी हळू चालते, ड्रायव्हरला घाई करू देऊ नका. प्यायचं पाणी मात्र अमरावतीहूनच भरून घ्या. आमचा हा सारा पट्टा खारपाणाचा, विहिरीचं पाणी मचूळ. तुमच्या आईला ते एकदम सोसायचं नाही.

मुक्काम अमरावतीलाच परत, आणि सोमवारी शेंडगाव. परतवाडा मार्गे अंजनगावला जा म्हणजे वाटेत वझ्झर करता येईल. हे नाव तुम्ही ऐकलं असेल. शंकरबाबा पापळकरांचं बालगृह तिथं आहे, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्टेशनावर, उकिरड्यावर, देवळाच्या पायरीवर टाकून दिलेली अपंग, मतिमंद लेकरं त्यांनी आपलं नाव देऊन वाढवली. कायद्यानं अठरा वर्षं झाली की अनाथ पोराला बालगृहाबाहेर काढतात. ज्याला स्वतःचा घास उचलता येत नाही त्यानं अठराव्या वाढदिवशी कुठं जायचं, हा प्रश्न ते आयुष्यभर सरकारला विचारत आले. ते स्वतःला गाडगेबाबांच्या वाटेवरचे म्हणवतात, आणि मी म्हणतो, जन्मगाव पाहायचं तर या लेकरांना पाहून मग पाहा. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा, लेकरांच्या जेवणाच्या, औषधाच्या वेळा असतात.

अंजनगावचा_पोऱ्या

सोमवारी येत असाल तर अंजनगावच्या स्टँडवर मले व्यक्तिगत निरोप टाका, मी शेंडगावपर्यंत पुढं मोटरसायकल घालतो. गाडी नदीजवळच्या वाटेनं आणजा, पुढून घेतली तर गावातल्या गल्लीत वळवता येत नाही.

मीनल_कळवा

हे ठरलं! दादानं नाशिकच्या धर्मशाळेचं ऐकल्यावर स्वतःच म्हटलं की तो विधी लहान करील. परळच्या पायरीवर, दादरच्या धर्मशाळेत मी या शनिवारी नुसती चौकशीला जाऊन येणार आहे, तुमचा प्रतिसाद आईनं दोनदा वाचून घेतला.

मास्तरकाका, शेवटचं एक. ऋणमोचनला आईला पायऱ्या उतरता येतील का? ती म्हणते, पाण्याला हात लावल्याशिवाय येणार नाही. गुडघ्यांवर पट्टे आहेत.

पूर्णाकाठचा_मास्तर

जत्रेच्या गर्दीत खालच्या पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात, तिथं आईला नेऊ नका. सकाळी आठच्या आत पोचलात तर वरच्या टप्प्यावर जागा सापडते, आईला तिथं बसवा. कळशीभर पाणी तुम्ही वर आणा, हात त्यातच बुडवू द्या. आणि वाढताना त्यांना पंगतीच्या टोकाला खुर्चीवर बसवून मीठ वाढायला द्या. ताटं मांडण्याआधी त्यांच्यापुढं आणली म्हणजे त्यांना वाकावं लागणार नाही. आमच्याकडं ते काम घरातल्या वडीलधाऱ्या बाईलाच देतात.